क्रिया आणि नाम

विद्यार्थी गुन्हेगारीशास्त्राकडे वळतो तो बहुधा कुतूहलापोटी. न्यायबुद्धी मागाहून जागी होते. चारचौघांसारखा दिसणारा माणूस खून कसा करतो, हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. कादंबरीचा वाचकही याच प्रश्नाच्या ओढीने पाने उलटीत असतो. हे कुतूहल कितपत निष्पाप असते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

जबलपूरच्या सदरमध्ये, छावणीच्या बाजारपेठेत वाढलेल्या विद्यार्थ्याला तो टाळता येऊ नये. शेजारच्या सागर विद्यापीठात १९५९ पासून गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान शिकविले जाते. आणि या शास्त्राची एक जुनी, अस्वस्थ करणारी पूर्वपीठिका त्याच्याच गावात घडलेली आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या विल्यम स्लीमनचे ठाणे जबलपूरला होते. त्याने ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश १८३६ मध्ये कलकत्त्यास छापला. झिरनी म्हणजे गळा आवळण्याची खूण, अशा शब्दांचा तो संग्रह आहे. भाषेच्या अभ्यासकाला मोह पडावा असेच हे पुस्तक. परंतु ते शब्द आले माफीच्या साक्षीदारांकडून. फिरंगिया हा त्यांतला नामांकित. तो हाती लागण्यापूर्वी त्याची आई, बायको आणि मूल अटकेत होते. फाशी टाळण्यासाठी बोलणाऱ्याच्या जबानीवर हे ज्ञान उभे राहिले.

म्हणून ते सारेच खोटे ठरत नाही. साक्षीदारांनी दाखविलेल्या जागा खणल्यावर प्रेते निघाली. घरी न पोचलेल्या त्या वाटसरूंना विसरणारी करुणा उथळच म्हटली पाहिजे. आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने, अमुक माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप देता येऊ लागली. त्याने काय केले, हे विचारण्याची गरज उरली नाही. गुन्हा ही क्रिया होती. कायद्याने तिचे नाम केले. त्याआधीच सागरला फाशी गेलेल्या सात ठगांच्या कवट्या मस्तिष्कसामुद्रिकांच्या परीक्षेसाठी एडिंबरोला गेल्या होत्या. जबलपूरच्या उद्योगशाळेत तंबू व गालिचे विणणाऱ्यांत, ज्यांनी कुणाचा गळा आवळला नव्हता अशी ठगांची मुलेही होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हे नाम जन्मालाच चिकटविले. १९५२ मध्ये तो रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही.

मराठी वाचकाला याची प्रचिती लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने दिली. १९८७ मध्ये आलेल्या आणि पुढल्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या आत्मकथनाने समाजाने दिलेले नाव शीर्षक म्हणून स्वीकारले आणि त्यामागचे जगणे सांगितले. चोरी तिथे लपविलेली नाही. पण भूक, पोलिसांचा मार आणि नाकारलेले काम यांच्यासह ती सांगितलेली आहे. इथे बोलणारा स्वतःहून बोलतो, कुणाच्या माफीसाठी नव्हे. जबानी आणि आत्मकथन यांत हाच मूलभूत भेद आहे.

समजून घेणे म्हणजे क्षमा करणे, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती अस्थानी आहे. कृत्य जितके नेमके कळेल, तितका त्याचा दोष नेमक्या माणसावर ठेवता येतो. न कळलेला दोष मात्र जमातीवर, वस्तीवर, मुलांवर सांडतो. तेव्हा या शास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने कुतूहलाची लाज बाळगू नये. समोर आलेली प्रत्येक जबानी वाचताना, ती कोणत्या भयाखाली दिली गेली आणि तिच्यातल्या क्रियेचे नाम कुणी केले, एवढे मात्र त्याने विचारीत राहावे. साहित्याच्या वाचकालाही याहून वेगळी शिस्त सांगता येणार नाही.