खरं अम्माऊस कुठलं?

आजचे वाचन: लूक 24:13-35



यरुशलेमेहून निघताना मी गाइडला विचारलं, "खरं अम्माऊस कुठलं?" तो हसला. "तुम्हाला कुठलं बघायचंय?"

लूकच्या बहुतेक प्रतींत अंतर 60 स्तादिया आहे, म्हणजे साधारण 11 किलोमीटर. त्या हिशेबाने क्रुसेडरांनी अबू घोश मानलं. 12व्या शतकातलं त्यांचं चर्च तिथल्या झऱ्यावर अजून उभं आहे. फ्रान्सिस्कन लोक अल-कुबैबा मानतात. पण सिनाई हस्तलिखितासारख्या काही जुन्या प्रतींत 160 स्तादिया आहेत, सुमारे 30 किलोमीटर. ते लात्रूनजवळच्या निकोपोलिसशी जुळतं, आणि चौथ्या शतकात युसेबियसनेही तेच अम्माऊस मानलं होतं. मग ते दोघे त्याच रात्री 30 किलोमीटर परत कसे चालले?

कुबैबा राहिलं. बाकी दोन्हीकडे मी फोनवर नकाशा उघडून अंतर मोजत होतो. इंजिनियर ना, उत्तर एकच हवं!

खरं सांगू? मला पुरावा हवा होता. पप्पा आयसीयूत असताना मी अकरा दिवस बाहेर बसून प्रार्थना केली. ते गेले, आणि मी मंडळीत जाणं सोडलं. त्या दोघांसारखीच माझीही आशा भूतकाळात गेली होती.

निकोपोलिसच्या पडक्या भिंतीपाशी बसून उतारा पुन्हा वाचला. प्रभूने भाकर मोडली, त्यांनी त्याला ओळखलं, तो दिसेनासा झाला. आणि ते दोघे? त्या घरात थांबलेच नाहीत. त्याच घटकेला उठून यरुशलेमेला निघाले. जिथे क्रूस उभा राहिला, जिथून ते खिन्न होऊन निघाले होते, तिथेच. कारण बाकीचे शिष्य तिथे होते. अंधार होता, रस्ता तेवढाच लांब होता.

मी नकाशा बंद केला.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी आईबरोबर चर्चला गेलो. बाकावर पप्पांची जागा रिकामी होती. त्या अकरा दिवसांचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण प्रभुभोजनाची भाकर हातात आली, तेव्हा मी एकटा नव्हतो, एवढं कळलं.

आज स्वतःला विचारा: मी कुठून पाय ओढत निघून आलोय? तिथे माझी वाट कोण बघतंय?

प्रार्थना: प्रभू येशू, आम्ही तुला ओळखलं नाही तेव्हाही तू आमच्याबरोबर चाललास. आज आम्हाला परत फिरायचं बळ दे. आमेन.