पडण्याचा अभ्यास

कोणतीही विद्या शिकावयाची म्हटली म्हणजे चुका ह्या व्हावयाच्याच. आणि चूक झाली म्हणजे तिची किंमत कोणी तरी दिलीच पाहिजे. नवशिक्या न्हाव्याच्या चुकीची किंमत गिऱ्हाइकाचा गाल देतो, नवशिक्या सुताराच्या चुकीची किंमत सागवानाची फळी देते, आणि नवशिक्या शिक्षकाच्या चुकांची किंमत एक अख्खा वर्ग वर्षभर देत राहतो. ही किंमत टाळतां येत नाहीं असें मानूनच जगाचा व्यवहार आजवर चालत आला, आणि म्हणूनच ती कोणीं द्यावी हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाहीं. परंतु आतां अशीं साधनें निघालीं आहेत कीं, त्यांवर शिकतांना झालेली चूक कोणालाच कांहीं मोजावयास लावीत नाहीं. गाल कापला जात नाहीं, फळी वायां जात नाहीं. मग अशा फुकटच्या चुकांतून मिळालेली विद्या खरी कीं खोटी? आणि ती खरी असली, तरी शिकणाऱ्याच्या मनावर ती कोणता संस्कार करून जाते? ह्या दोन प्रश्नांचा विचार एका अगदीं नव्या विद्येच्या आधारानें करण्याचें येथें योजिलें आहे. ती विद्या म्हणजे डोळ्यांवर गॉगल चढवून ड्रोन सर्वस्वीं आपल्या हातानें उडविण्याची.

लग्नसमारंभांत डोक्यावर घोंघावणारें ड्रोन आतां सर्वांच्या परिचयाचें झालें आहे. तें मोठें समजूतदार यंत्र असतें. उडविणाऱ्यानें हात काढला तर तें स्वतःच तोल सांवरून एका जागीं तरंगत राहतें. एफपीव्ही ह्या नांवानें ओळखलें जाणारें ड्रोन जातीनें तेंच, पण स्वभावानें अगदीं निराळें. त्याच्या तोंडाशीं बसविलेल्या कॅमेऱ्याला जें दिसतें तेंच त्या क्षणीं उडविणाऱ्याच्या गॉगलमध्यें दिसतें. त्यामुळें देह जमिनीवर बसलेला असला तरी दृष्टि आकाशांत असते. हें ड्रोन पूर्णपणें हातानें उडविण्याच्या पद्धतीस ॲक्रो मोड म्हणतात. तींत यंत्र आपला तोल आपण सांवरीत नाहीं. उजव्या हाताची दांडी ढकलली कीं तें त्या बाजूस कलूं लागतें, आणि दांडी मध्यावर परत आणली म्हणजे कलणें थांबतें एवढेंच. सरळ कांहीं होत नाहीं. ज्या कोनांत असेल त्याच कोनांत तें राहतें. सरळ करावयाचें तर उलट दिशेनें तितकेंच ढकलावें लागतें. डाव्या दांडीवर पंख्यांची शक्ति असते. ती दांडी आपोआप मध्यावर येत नाहीं, अंगठ्यानें क्षणोक्षणीं तोलून धरावी लागते. कॅमेरा वर झुकविलेला असतो, म्हणून स्थिर तरंगतांना समोर आकाश दिसतें आणि वेगानें पुढें गेल्याखेरीज समोरची वाट नीट दिसत नाहीं. नवशिक्याच्या हातांत असें यंत्र दिलें तर पहिल्या कांहीं सेकंदांतच तें जमिनीवर आपटतें, ह्यांत नवल कसलें?

हें आपटणें वायां जाऊं नये म्हणून सिम्युलेटर आहे. हातांत खराच रिमोट असतो, पण त्याची तार लॅपटॉपला जोडलेली असते, आणि पडद्यावर खोटें आकाश, खोटीं झाडें व खोटें ड्रोन असतें. ड्रोन झाडावर आदळलें, फुटलें, तर एक कळ दाबावी कीं तें पुन्हां जागेवर नवें उभें. कल्पना मात्र नवी नाहीं. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक ह्याच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता. त्या ऑर्गनचे भाते व हवेचे पंप वापरून लिंकनें १९२९ सालीं जमिनीवरच हलणारें, झुकणारें एक विमान तयार केलें. आरंभीं तें करमणुकीच्या बागांतून खेळणें म्हणून विकलें गेलें. पुढें १९३४ सालीं अमेरिकन लष्करी वैमानिकांवर टपाल वाहण्याचें काम पडलें. खराब हवामानांत केवळ यंत्रांवर नजर ठेवून उडण्याचा पुरेसा सराव नसल्यानें थोड्याच आठवड्यांत त्यांतले अनेक जण मृत्यु पावले. तेव्हां कोठें लष्करानें हीं यंत्रें विकत घेतलीं, तींही प्रथम सहाच. दुसऱ्या महायुद्धांत मात्र लक्षावधि वैमानिक त्यांवर शिकले. खेळण्याला शाळेचा मान मिळण्यासाठीं माणसें मरावीं लागलीं, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

आतां हा प्रश्न परक्या देशांतून आपल्या अंगणांत आणूं. पुणें-सातारा रस्त्यानें जातांना नसरापूरपाशीं पश्चिमेस वळलें म्हणजे वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी हें गांव लागतें. येथून साखरमार्गें गुंजवण्यास, म्हणजे राजगडाच्या पायथ्यास वाट फुटते. सरळ गेलें म्हणजे वेल्हें आणि त्यावर तोरणा. भाताचीं खाचरें, गुंजवणीचें पात्र आणि सभोंवार सह्याद्रीच्या रांगा, असा हा मुलूख. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत राजगड आहे. रीतसर परवानगी काढून ह्या डोंगरांचें चित्रण आपण करावें, असें गांवांतील एखाद्या तरुणाच्या मनांत आलें असें समजा. आषाढ-श्रावणांत ह्या भागांत पाऊस असा कोसळतो कीं खरें ड्रोन बाहेर काढण्याची सोय नाहीं. तेव्हां तो पावसाळाभर घरांत बसून खोट्या आकाशांत उडतो. दिवसांतून पन्नास वेळां पडतो आणि पन्नास वेळां कळ दाबतो. दसऱ्याला आकाश मोकळें होईल तेव्हां त्याच्या हातीं काय असेल?

ह्यावर जुन्या विचाराचा एक आक्षेप असा: ज्यांत अंगाला झळ लागत नाहीं तें शिक्षणच नव्हे, पाण्यांत पडल्यावांचून पोहणें येत नाहीं. आक्षेप वजनदार वाटतो, पण आपल्याच परंपरेपुढें तो टिकत नाहीं. मल्लखांब हा काय आहे? दुसऱ्या बाजीरावांच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं जी विद्या नांवारूपास आणिली, तींत मल्लाच्या समोर मल्ल नसतो, लांकडाचा खांब असतो. त्या खांबाला मिठी मारून, पेंच घालून, उलटें-सुलटें होऊन मल्ल कुस्तीसाठीं आपलें अंग तयार करीत असे. खांब कधीं पकड सोडवून घेत नाहीं, तरी त्यावर कमावलेली चपळाई खरीच असते. एकलव्याच्या पुढें तर जिवंत गुरुही नव्हता, मातीचा पुतळा होता. पण त्याचा नेम खोटा होता असें कोणी म्हटलेलें नाहीं. हाताला सत्य-असत्य कळत नाहीं. त्याला आवृत्ति कळते. पडद्यावर हजार वेळां उजवीकडून डावीकडे सांवरलेला अंगठा रानांतही तसाच सांवरतो. तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट आहे: फुकटच्या चुकांतून मिळालेलें कौशल्य हें खरेंच कौशल्य होय.

इतकेंच नव्हे, जेथें असें साधन उपलब्ध आहे तेथें तें न वापरतां थेट खऱ्या यंत्रावर शिकावयास लागणें हाच आमच्या मतें नैतिक दोष आहे. सुमारें पाऊण किलो वजनाचें, तासाला शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें जाऊं शकणारें आणि चार धारदार पंखे फिरविणारें यंत्र कोणाच्या डोक्यावर पडेल हें नवशिक्यास ठाऊक नसतें. आपल्या शिकण्याचा खर्च ज्यानें शिकण्यास संमति दिलेली नाहीं त्याच्यावर टाकणें ह्यास उत्साह म्हणत नाहींत, बेपर्वाई म्हणतात.

परंतु दुसरा प्रश्न येथेंच उभा राहतो, आणि तो पहिल्याहून कठीण आहे. हाताचें शिक्षण चाललें असतां मनाचें काय चाललेलें असतें? ॲक्रो मोडचा एक विशेष वर सांगितलाच. त्यांत यंत्र सांगितलें तेवढेंच करतें. न कमी, न अधिक. त्यामुळें "यंत्रानेंच तसें केलें" अशी सबब तेथें सहसा चालत नाहीं. कल गेला तो आपल्या हातानें, आणि सांवरला तोही आपल्याच हातानें. जबाबदारीचा इतका निखळ अनुभव दुसऱ्या फार थोड्या कलांत मिळेल, आणि ह्यासाठींच स्वतः तोल सांवरणाऱ्या सोयीचा मोह सोडून हातानें उडविण्यास शिकणें हें मोलाचें आहे. सिम्युलेटरमध्यें ही सत्ता पुरीच्या पुरी हातांत येते. मात्र परिणाम तेवढा नाहींसा होतो. पूर्ण सत्ता आणि शून्य परिणाम! हा योग माणसाच्या आयुष्यांत सहसा येत नाहीं, आणि जेथें येतो तेथें माणूस बिघडल्याखेरीज क्वचितच राहतो. भातुकलींत देखील तो नसतो. भातुकलींतला भात खोटा असला तरी पानावर बसलेली मैत्रीण खरी असते. तिला वाढावयास विसरलें तर ती खरीच रुसते. सिम्युलेटरमध्यें रुसावयास कोणी नाहीं. तेथें खाचरांतून वांकून लावणी करणारी बाई नाहीं, बांधावर चरणारी म्हैस नाहीं, चिडून झडप घालणारी घार नाहीं. तेथलें आकाश ओसाड आहे, म्हणूनच तेथें सर्व अपराध माफ आहेत.

तेव्हां चार महिन्यांत त्या तरुणाच्या हाताला सांवरण्याची संवय लागते, तशीच मनाला क्षमेची संवय लागते. आणि ती क्षमाही कोणाजवळ मागावी लागत नाहीं, एका कळीवर मिळते. अडाण्याला निदान भीति तरी असते. ह्याला कौशल्य आहे आणि भीति नाहीं. प्रत्येक पतनानंतर यंत्र पुन्हां उभें राहतें हा विश्वास एकदां हाडांत मुरला, म्हणजे रानांत उडतांनाही तो मनाच्या तळाशीं कुजबुजत राहतो.

ह्या भयाला कोणी कल्पनाविलास म्हणूं नये. २०२२ सालीं सुरू झालेल्या युक्रेनच्या युद्धांत हींच लहान ड्रोनें स्फोटकें बांधून माणसांवर सोडलीं गेलीं, आणि तीं सोडणारे सैनिक अशाच सिम्युलेटरवर बसून शिकले. स्वदेशरक्षणाचा न्याय-अन्याय हा वेगळा विषय आहे. पण ज्या पडद्यावर खेळ खेळला तशाच पडद्यावर माणसाचें मरण दिसतें, आणि तें दिसल्यावर पडदा काळा होतो, तेव्हां हाताला तर दोहोंत कांहीं फरक जाणवत नाहीं. फरक जाणवावयाचा तो मनाला. आणि मनाला त्याचें शिक्षण कोणीं दिलें होतें?

शांततेच्या दिवसांतही हा प्रश्न सुटत नाहीं. गॉगल चढविला म्हणजे दूरचें सर्व दिसतें, पण स्वतःच्या पायाशीं आलेलें मूल दिसत नाहीं. म्हणून शेजारीं डोळे उघडे ठेवणारा एक सोबती असावा हा ह्या कलेंतील शहाणा रिवाज आहे. शिवाय जेथें देहानें जाण्यास आपण शरमलों असतों, तेथें दृष्टि सहज जाते: परसदारीं, नदीच्या घाटावर, माडीच्या खिडकीशीं. २००९ सालच्या 'थ्री इडियट्स' चित्रपटांत मित्रांनीं कौतुकानें उडविलेलें ड्रोन एका खोलीच्या खिडकीशीं जातें आणि आंत जें दिसतें त्यानें सर्वांचा आनंद क्षणांत विझतो. दृष्टीला दार नसलें म्हणजे काय पाहावें लागेल ह्याचा नेम नाहीं. कायद्याकडे पाहावें तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें दोन किलोपर्यंतचें ड्रोन धंद्यासाठीं नव्हे तर हौसेसाठीं उडविणाऱ्यास वैमानिकाचा परवाना लागत नाहीं. कोठें उडवावें व कोठें नाहीं ह्याचा सरकारी नकाशा मात्र त्यानें पाहिलाच पाहिजे. परवाना लागत नाहीं ह्याचा अर्थ परीक्षा नाहीं असा नव्हे. परीक्षक बदलला, इतकेंच. आतां ती परीक्षा आपली आपणच घ्यावयाची.

मग सिम्युलेटर टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. गीतेनें चंचल मनाला आवरण्यासाठीं अभ्यास व वैराग्य अशीं दोन साधनें जोडीनें सांगितलीं आहेत. सिम्युलेटर अभ्यास पुरवितो; दुसरें साधन शिकणाऱ्यानें स्वतः आणावयाचें असतें. यंत्रानें जो परिणाम काढून टाकला तो आपण होऊन परत घालावा, एवढाच ह्याचा अर्थ. ड्रोन आदळलें कीं लागलीच कळ दाबूं नये. आपण कोठें पडलों, कोणत्या चुकीनें पडलों, आणि हेंच मार्गासनीच्या शिवारांत झालें असतें तर तें कोणावर पडलें असतें, एवढें स्वतःस विचारावें; मग पुन्हां उडावें. दिवसाच्या पतनांची संख्या वहींत लिहावी. सलग दहा उड्डाणें न पडतां झाल्याखेरीज खऱ्या यंत्राला हात लावावयाचा नाहीं, असा एखादा नेम धरावा. हा नेम कोणी तपासणार नाहीं. म्हणूनच त्याला किंमत आहे.

आरंभींचा प्रश्न होता तो असा कीं, शिकणाऱ्याच्या चुकीची किंमत कोणीं द्यावी. आमचें उत्तर आहे: शिकणाऱ्यानेंच. आजवर त्याला ती इच्छा असूनही देतां येत नव्हती, कारण त्याची चूक दुसऱ्याच्या अंगावरच जाऊन पडे. आतां प्रथमच अशी सोय झाली आहे कीं, सारी किंमत त्याला एकट्याला, बंद खोलींत, वेळाच्या, धीराच्या आणि लाजेच्या नाण्यांत चुकती करतां यावी. ती ज्यानें तेथें प्रामाणिकपणें चुकती केली, त्याचें ऋण फिटलें. ज्यानें कळ दाबून ती टाळली, त्याचें ऋण मात्र बुडालेलें नाहीं. तें खाचरांत वांकलेल्या, पाठीमागें काय घोंघावतें आहे हें ठाऊक नसलेल्या कोणा बाईच्या नांवावर चढलें आहे.