मेलेलें वाहन कोणीं ओढावें?

गांवांत एखाद्याचा बैल मेला म्हणजे तो वेशीबाहेर कोणीं न्यावयाचा, हा प्रश्न आमच्या आजा-पणजांच्या काळीं कोणी विचारीत नसे. उत्तर ठरलेलें होतें. ज्याच्या शेतांत तो बैल दहा-बारा वर्षें राबला, ज्याच्या कणगींत त्याच्या कष्टाचें धान्य गेलें, तो धनी बाजूस उभा राही. आणि ज्याच्या मालकीचें वीतभर वावर नव्हतें, त्या महाराच्या खांद्यावर तें मढें येई. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं हें ओझें वाहिलें आहे. सन १९२७ च्या महाड परिषदेनंतर अनेक गांवच्या महारांनीं मेलेलीं ढोरें ओढण्याचें सोडलें, तेव्हां त्यांजवर बहिष्कार पडले, हेंही आमच्या वाचकांस ठाऊक आहे. फायदा एकाचा आणि मढें दुसऱ्याचें, ही जुनी वहिवाट आतां एका लोखंडी जनावराच्या बाबतींत पुन्हा चालू झाली आहे कीं काय, असा संशय आम्हांस येतो, म्हणून हे चार शब्द.

बाजारतळाच्या कडेस, शाळेच्या मागें, नाल्याच्या उतारावर चाकें काढून नेलेली जीप किंवा गंजलेला टेंपो पडलेला आजकाल कोणत्याही मोठ्या गांवीं दिसतो. पावसाळ्यांत त्याच्या पोकळींत पाणी सांचून डांस होतात. इंजिनांतील काळें तेल आणि बॅटरींतील आम्ल मातींत झिरपतें. मुलें फुटक्या कांचांमध्यें लपंडाव खेळतात. (पोलीस ठाण्यांच्या आवारांत जप्त वाहनांचे जे ढीग असतात त्यांची कथा निराळी. तीं फार काळ तेथें ठेवूं नयेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालींच सांगितलें आहे. ढीग मात्र अद्याप आहेत.)

कोणी म्हणेल, भंगारास तर किंमत येते, मग वाहन टाकून कोण देईल? हें अर्धेंच खरें आहे. किंमत येते ती लोखंडास, तांब्यास, इंजिनाच्या भागांस. आसनांतील फोम, कांच, रबर, प्लास्टिक, सांडलेलें तेल यांस कोणी कवडी देत नाहीं. उलट त्यांची नीट विल्हेवाट लावावयास पैसे पडतात. भंगारवाला गर घेतो आणि साल टाकतो, आणि त्यांत त्याचा विशेष दोषही नाहीं. त्यास साल उचलण्याचे पैसे कोणीं दिले आहेत? ज्या गांवापासून शहर दूर, तेथून तर सांगाडा वाहून नेण्याचा खर्च लोखंडाच्या किंमतीस गिळून टाकतो. मग तो सांगाडा आहे तेथेंच राहतो.

या सालीचें पुढें काय होतें, याचा मोठा दाखला जपानच्या तेशिमा नांवाच्या लहानशा बेटाचा आहे. तेथें एका व्यावसायिकानें १९७८ सालीं कागावा प्रांताच्या सरकारकडून परवाना मिळविला तो गांडुळें पाळण्याचा. प्रत्यक्षांत तेथें येऊं लागला तो मोटारी चिरडून, चुंबकानें लोखंड काढून घेतल्यावर उरणारा चुरा. तो किनाऱ्यावर उघड्यावर जाळला जाई. रहिवाशांनीं तक्रार केली, तर अधिकारी म्हणत कीं हा कचरा नव्हे, यांतून धातू काढावयाचा आहे, म्हणून हा माल आहे. मढ्यास माल म्हटलें कीं ओढण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाहीं! अखेर १९९० सालीं शेजारच्या ह्योगो प्रांताच्या पोलिसांनीं छापा घातला तेव्हां हा उद्योग थांबला. तोंवर शिसें आणि इतर विषें जमिनींत मुरलीं होतीं.

पुढें दहा वर्षें त्या बेटावरील लोक, ज्यांत म्हातारे पुष्कळ, दाद मागत राहिले. सन २००० च्या जून महिन्यांत तडजोड झाली; प्रांताच्या राज्यपालानें त्यांची क्षमा मागितली आणि सर्व कचरा उचलण्याचें कबूल केलें. नऊ लाख टनांहून अधिक कचरा व दूषित माती जवळच्या नाओशिमा बेटावर नेऊन तिजवर प्रक्रिया करण्यांत आली. तेशिमावरून कचरा हालविण्याचें मुख्य काम संपलें तें २०१७ सालीं. हा बहुतेक खर्च सार्वजनिक तिजोरींतून झाला. आणि रहिवाशांनीं काय मिळविलें? त्यांनीं नुकसानभरपाईचा हक्क सोडून दिला. ही गोष्ट आम्ही प्रथम वाचली तेव्हां आम्हांस राग आला. ज्यांचें नुकसान झालें त्यांनींच कां सोडावें? परंतु पुष्कळ विचार केल्यावर असें दिसलें कीं, त्यांस पैशापेक्षां बेट हवें होतें, आणि न्यायाची वाट पाहत ढीग तेथेंच ठेवणें त्यांस परवडणारें नव्हतें. न्याय आणि सफाई या दोहोंतून एक निवडण्याची वेळ निरपराध मनुष्यावर यावी, हाच मूळचा अन्याय होय.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. वाहनाच्या अंताचा खर्च कोणीं सोसावा? पहिलें उत्तर असें कीं, जो शेवटचा मालक त्यानें. कायद्याच्या दृष्टीनें हें सोपें आहे. परंतु नवी जीप घेतो शहरांतला सधन मनुष्य, पांच-सात वर्षांनीं ती तालुक्याच्या गांवीं येते, तेथून वडापवाल्याकडे, आणि शेवटीं, जेव्हां तिचे दरवाजे दोरीनें बांधावे लागतात, तेव्हां भाजी वाहणाऱ्या एखाद्या गरिबाकडे. नवेपण भोगलें एकानें आणि मरण आलें दुसऱ्याच्या दारांत. त्यानें ती रात्रीं ओढून नाल्यांत ढकलली तर तें चूकच. पण त्याच्या एकट्याच्या माथीं तो दोष मारणें आमच्या मनास पटत नाहीं. दुसरें उत्तर, सरकारानें सोसावा. म्हणजे जो आयुष्यभर पायीं चालला त्यानें, मोटारींत बसलेल्याचा कचरा उचलावा. तेशिमास असेंच झालें.

तिसरें उत्तर आम्हांस अधिक न्याय्य वाटतें. वाहनाचा अंत त्याच्या शेवटच्या मालकाबरोबर जन्मास येत नाहीं. तें कारखान्यांतून बाहेर पडतें त्या दिवशींच तो ठरलेला असतो. म्हणून त्याचे पैसेही त्याच दिवशीं बाजूस काढले पाहिजेत. स्वीडननें १९७५ सालीं आणि नॉर्वेनें १९७८ सालीं अशी रीत घातली कीं, वाहनावर प्रथमच एक रक्कम घ्यावी आणि जो तें शेवटीं अधिकृत ठिकाणीं आणून देईल त्यास बक्षीस द्यावें. जपाननें २००२ सालीं कायदा करून २००५ च्या जानेवारीपासून नवें वाहन घेणाऱ्याकडून अनामत घेण्यास आरंभ केला. ती रक्कम उत्पादकाच्या हातीं न राहतां निराळ्या संस्थेकडे राहते, आणि चुरा, एअरबॅग व शीतयंत्रांतील वायू यांच्या विल्हेवाटीस लागते. २००४ सालीं त्या देशांत टाकून दिलेलीं अथवा गैररीतीनें सांठविलेलीं वाहनें दोन लाखांहून अधिक होतीं. दहा वर्षांनीं तीं दहा हजारांच्या आंत आलीं. न वापरल्या गेलेल्या अनामतींतून दूरच्या बेटांवरील वाहनें नावेनें आणण्यासही साहाय्य मिळतें.

या रीतींतही एक व्यंग आहे, तें आम्ही लपवीत नाहीं. जपानांत जुनी मोटार विकतांना विकणारा अनामतीची रक्कम घेणाऱ्याकडून वसूल करतो. म्हणजे ओझें पुन्हा हळूहळू खालींच सरकतें. तथापि ओझ्याबरोबर पैसेही सरकतात. शेवटच्या मनुष्याच्या दारांत नुसतें मढें येत नाहीं, हा फरक लहान नव्हे.

आमच्या देशांत २०२१ च्या नियमांनीं वाहन मोडीत काढण्याचीं नोंदणीकृत केंद्रें निघालीं. तेथें वाहन दिल्यास भंगाराची किंमत आणि एक दाखला मिळतो. त्या दाखल्यावर नवें खासगी वाहन घेतांना करांत २५ टक्क्यांपर्यंत सूट राज्य सरकार देऊं शकतें. पण जुनी रिक्षा देऊन जो नवी घेऊंच शकत नाहीं, त्यास ही सूट कशास? तो दाखला दुसऱ्यास विकतां येतो खरा. मात्र हें त्यास कोणीं समजावून सांगितलें पाहिजे. १ एप्रिल २०२५ पासून नवे नियम लागू झाले असून त्यांनीं आयुष्य संपलेल्या वाहनांची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे. हें पाऊल आम्हांस योग्य दिशेचें वाटतें. त्यामुळें नवें वाहन थोडें महाग होईल, अशी ओरड होईल; पण तें आजवर स्वस्त होतें तें उरलेली किंमत कोणाच्या तरी नाल्यांत पडत होती म्हणूनच.

एक गोष्ट मात्र खेड्यांतील वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. या नव्या नियमांतून शेतीचे ट्रॅक्टर, त्यांच्या ट्रॉल्या, कापणी-मळणीचीं यंत्रें आणि पॉवर टिलर वगळले आहेत. ही सूट शेतकऱ्यास बरी वाटेल. परंतु ट्रॅक्टरही मरतो, त्याच्याही पोटांत तेल असतें, आणि ज्या मजुरानें तो कधीं चालविला नाहीं त्याच्या वस्तीजवळचाच पडीक तुकडा त्यासाठीं शोधला जातो. पुढच्या ग्रामसभेंत, हा सांगाडा कोण आणि कोणाच्या पैशानें उचलणार, असें जर वस्तीवरील कोणी उभा राहून विचारील, तर त्यास खालीं बसविण्याची घाई कोणीं करूं नये.