पाणवठ्याचं चित्र

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या तयारीत स्मरणचित्राचे ठरावीक विषय घोटून घेतले जातात: आठवडी बाजार, पोळा, जत्रा, पाणवठा. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या पोरानं काढलेला पाणवठा आणि पुण्याच्या पोरानं काढलेला पाणवठा यांत फरक ओळखू येत नाही. गोल आड, रहाट, कमरेवर घागरी घेतलेल्या बायका, मागं पिंपळ. त्या आडातलं पाणी कोण शेंदत होतं आणि कोण लांब उभं राहून, कुणी वाढेल म्हणून वाट बघत होतं, हे कागदावर उतरत नाही. परीक्षकही विचारत नाही.

सवी सावरकरांच्या चित्रांत ते उतरतं. जन्म १९६१, नागपूरचा. म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेनंतर पाचच वर्षांनी. शिक्षण नागपूर आणि बडोद्यात, पुढं दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन. त्यांची माणसं पेशवाईतल्या अस्पृश्यतेतून चालत आलेली आहेत. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडकं, पावलांचा माग पुसावा म्हणून मागं झाडू. शिवाय देवदासी, शिवाय मनू. सावरकर मुळात मुद्राचित्रकार. धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेघ खाऊ द्यायची, तिच्यात शाई भरायची आणि दाबून कागदावर ठसा उठवायचा, असं हे काम. त्यांची रेघ ओबडधोबड आहे, आणि मला ती तशीच बरोबर वाटते. अपमान गुळगुळीत रेघेत काढला की देखणा होतो.

सोसलेलं चित्रात आणणारे दुसरीकडंही आहेत, पण अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या, स्वतःला चिकानो म्हणवणाऱ्या चित्रकारांचा वारसा वेगळा होता. सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेनं १९६२ साली झेंड्यावर काळा गरुड घेतला, त्याच्यामागं अ‍ॅझ्टेकांचा अभिमान उभा होता. शेतमजुराच्या घरात वाढलेल्या मलाकियास मोंतोयांनी संपासाठी, मोर्चासाठी पोस्टरं छापली. एस्टर हर्नांडेझनं १९८२ साली बेदाण्याच्या खोक्यावरची हसरी मुलगी उचलली आणि तिच्या जागी सांगाडा बसवला. द्राक्षमळ्यांतल्या औषधांनी तिच्या गावचं पाणी नासलं होतं. पाणवठाच, पण खराखुरा.

त्यांच्याकडं मिरवायला गरुड होता, मेक्सिकोची मरियम म्हणजे ग्वादालूपेची माता होती. सावरकरांच्या वाट्याला मडकं आणि झाडू आले. म्हणूनच आपल्याकडं दलित वस्तीतूनच हरकत येऊ शकते: बाबासाहेबांनी जे फेकायला सांगितलं, ते पुन्हा भिंतीवर कशाला टांगता? एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्याकडं चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, त्यावर निळा कोट असतो, हातात संविधान असतं. लोकांनी स्वतः निवडलेलं चित्र आहे ते. कलासमीक्षक त्याला नाक मुरडतात; मुरडू देत.

ही हरकत मी हलकी मानत नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. प्रत्यक्षात नाव बदलायला १९९४ चा १४ जानेवारी उजाडला. ज्यांची घरं जळली त्यांना आठवण करून द्यायला चित्र लागत नाही. पण सावरकरांचं चित्र त्यांच्यासाठी काढलंय असं कुठं आहे? ज्यांच्या आठवणीत पाणवठा म्हणजे पिंपळ आणि घागरी एवढंच उरलंय, त्यांच्यापुढं ठेवलेला तो पुरावा आहे. वारसा एकट्या सोसणाऱ्याचा नसतो, मडकं बांधणाऱ्याचाही असतो. त्याला मात्र आपलं चित्र कधी काढावंसं वाटलं नाही.

आता माझी तक्रार, आणि ती चित्रकारापेक्षा बाजारावर जास्त. एका पत्र्यावरून कितीतरी ठसे निघू शकतात. संग्राहकाला किंमत राहावी म्हणून छपाई मोजक्या प्रतींवर थांबवतात, पेन्सिलीनं क्रमांक घालतात. मोंतोयांचं पोस्टर रस्त्यावरच्या माणसासाठी छापलेलं होतं. आपल्याकडं गळ्यात मडकं असलेला माणूस पाहायचा तर दिल्ली-मुंबईची गॅलरी गाठावी लागते, आणि तिथं जाणाऱ्यांत शिरूरचा कुणी नसतो. चित्रकाराची परवानगी घेऊन ही चित्रं साध्या ऑफसेटवर छापावीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, आडाशेजारी लावावीत. भांडण होईल. कुणी म्हणेल, आमच्या गावात असलं कधी नव्हतं. त्याला उत्तर द्यायला त्याच गावातली म्हातारी माणसं अजून जिवंत आहेत.