रॉचेस्टर : आकडे शहराचे की हद्दीचे?

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, आँटारिओ सरोवरालगत वसलेल्या रॉचेस्टर शहराची लोकसंख्या 1950 च्या जनगणनेत 3,32,488 होती. 2020 मध्ये ती 2,11,328 इतकीच उरली. या घसरणीचे खापर सहसा कोडॅक कंपनीवर फोडले जाते, कारण 1982 च्या सुमारास या परिसरात साठ हजारांवर लोकांना रोजगार देणारी ही कंपनी डिजिटल छायाचित्रणापुढे टिकू शकली नाही आणि 2012 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. परंतु कालक्रम तपासला की हे स्पष्टीकरण अपुरे पडते. 1980 मध्येच शहराची लोकसंख्या 2,41,741 पर्यंत खाली आली होती. म्हणजे एकूण घटीपैकी सुमारे तीन चतुर्थांश घट कोडॅकच्या भरभराटीच्या काळातच झाली होती.

मग माणसे गेली कुठे, याचे उत्तर मन्रो काउंटीच्या आकड्यांत सापडते. काउंटी म्हणजे शहर आणि त्याभोवतीची स्वतंत्र स्थानिक शासने असलेली उपनगरे यांना सामावणारा प्रशासकीय घटक. तिची लोकसंख्या याच सत्तर वर्षांत 4,87,632 वरून 7,59,443 वर गेली आणि शहराबाहेरच्या भागातील वस्ती सुमारे साडेतीन पट झाली. लोक परिसर सोडून गेले नव्हते, त्यांतील अनेकांनी केवळ शहराची हद्द ओलांडली होती.

ही हद्द सर्वांना सारखीच खुली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेकडून रोजगारासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे शहराच्या मोजक्या वस्त्यांत कोंडली गेली. सरकारी हमीच्या गृहकर्जांनी आणि नव्या महामार्गांनी उपनगरांची दारे उघडली ती प्रामुख्याने श्वेतवर्णीयांसाठी, आणि जुलै 1964 मध्ये शहरात झालेल्या दंगलीनंतर त्यांचे स्थलांतर अधिक वेगाने झाले. परिणामी आज शहरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि दारिद्र्याचे प्रमाण काउंटीच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे.

अमेरिकेत शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून, म्हणजे घरे आणि जमिनींच्या मूल्यावरील आकारणीतून भागतो. त्यामुळे श्रीमंत घरे हद्दीबाहेर गेली की त्यांची करक्षमताही हद्दीबाहेर जाते. त्यात कोडॅकनंतर परिसरातील सर्वांत मोठा रोजगारदाता ठरलेले रॉचेस्टर विद्यापीठ आणि त्याचे रुग्णालय ना-नफा संस्था असल्याने त्यांच्या शैक्षणिक व वैद्यकीय कामाच्या मिळकतींना या करातून सूट आहे. रोजगार हद्दीत टिकतो, पण पूर्वी कारखान्याकडून मिळे तसा कर तिथे मिळत नाही.

यावर राज्याकडून शाळांना मिळणारे अनुदान आणि काउंटीच्या विक्रीकरातील शहराचा वाटा यांचा दाखला देता येईल, आणि तो रास्तही आहे, कारण त्यांच्याविना शहराचा गाडा चालणे कठीण झाले असते. तथापि अनुदानाने पैशांची तूट भरून निघते, शेजाराची नाही. गरिबी एकाच शालेय विभागात एकवटली की प्रत्येक मुलामागे अधिक पैसा खर्चूनही शाळांना वेगळ्याच प्रकारचे ओझे वाहावे लागते; आणि सर्वोच्च न्यायालयाने 1974 च्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात, वर्णभेदातील सहभाग सिद्ध झाल्याखेरीज उपनगरांच्या शालेय विभागांवर एकत्रित उपाय लादता येणार नाही, असे ठरवल्याने ही विभागणी न्यायालयीन मार्गाने मोडणेही दुरापास्त झाले.

म्हणून रॉचेस्टरच्या लोकसंख्येचे आणि उत्पन्नाचे कोष्टक वाचताना ते एका शहराच्या अपयशाचे प्रगतिपुस्तक मानणे चूक ठरते. ज्या परिसरातील लोक एकाच बाजारपेठेत कमावतात, पण त्यांची मुले वेगवेगळ्या तिजोऱ्यांवर चालणाऱ्या शाळांत शिकतात, त्या परिसराने आपल्या जबाबदाऱ्या कशा वाटून घेतल्या, याचाच तो हिशेब आहे, आणि त्याचा जाब केवळ शहराच्या महापौराला विचारून भागणार नाही.