नांगर

वसई तालुक्यात ‘नांगर’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला हे पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ लावता येत नाही. आगाशी-निर्मळच्या शेतकऱ्याचा नांगर भुई फाडतो. अर्नाळा-पाचूबंदरच्या कोळ्याचा नांगर होडीला जागी धरतो. पहिला संस्कृत ‘लांगल’ शब्दाचा वंशज, दुसरा फारसी ‘लंगर’ शब्दाचा; तेव्हा ही सख्खी भावंडे नव्हेत, नुसती नावे जुळली. तथापि या जुळणीवरून एक प्रश्न मनात उभा राहतो. भूमी माझी आहे, असे मनुष्याला म्हणता येते ते कशाच्या बळावर?

नांगराच्या बळावर, असे शेतकरी म्हणेल, आणि कायद्यानेही त्याचे म्हणणे मानले आहे. १९४८ च्या मुंबई कुळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला व काही अपवाद सोडता जमीन कसणारे कूळ त्या दिवशी तिचे खरेदीदार मानले गेले. जमीनदाराच्या सनदेपेक्षा कुळाचा घाम वजनदार ठरला. हे न्याय्यच झाले.

परंतु नुसते तास पाडल्याने हक्क येतो काय? मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवांचा नांगर फिरवला, तो गाव उजाड करण्यासाठी. पुढे जिजाबाईंनी तेथेच सोन्याचा नांगर धरविला असे परंपरा सांगते, तो वस्तीसाठी. फाळ दोन्ही वेळा मातीतच शिरला. मागून पेरणी झाली की नाही, एवढाच काय तो भेद. आणि माझ्या मते हक्काचे मूळ त्या पेरणीत आहे. कोळ्याची रीत तर याहून निराळी. समुद्राच्या तळावर तो होडीचा, म्हणजे आपल्या साऱ्या संसाराचा, भार टाकतो आणि काम झाले की नांगर वर ओढून निघून जातो. तळाचा सातबारा त्याने कधी मागितला नाही.

आज वसईची भातखाचरे भराव पडून इमारतींखाली जात आहेत. विकणाऱ्याला नावे ठेवणाऱ्या आम्हां सुशिक्षितांची घरे बहुधा अशाच एखाद्या खाचरावर उभी असतात, हे येथे विसरून चालणार नाही. मुलीचे लग्न वा दुखणे निघाले म्हणून विकणाऱ्याविषयी तर माझी काहीच तक्रार नाही. तरी प्रश्न उरतोच. स्वतः न कसल्यामुळे जमीनदाराचा हक्क गेला, तर भाव चढण्याची वाट पाहत रान पडीक ठेवणाऱ्याचा हक्क कोणत्या आधारावर टिकतो? तो म्हणेल, या मातीत माझ्या आजोबांनी घाम गाळला आहे. ते खरेच आहे. जमीनदारही आजोबांचीच सनद दाखवीत होता.