कोरा रकाना

म्हैसूरच्या नजरबाद भागाच्या इतिहासात एक चमत्कारिक नोंद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडला आणि त्याच दगडांनी नजरबादला नवा किल्ला बांधायला घेतला. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, वोडेयर घराणे पुन्हा गादीवर आले आणि नेलेले दगड परत म्हैसूरला वाहून आणण्यात आले. घेतलेले परत केल्याची इतकी सरळ उदाहरणे इतिहासात फार नाहीत. याच नजरबादशी व्हॅन इंगेन हे नावही जोडलेले आहे, पण तिथे परत करण्यासारखे काही उरले नाही. संस्थानिक आणि गोरे साहेब यांनी मारलेली जनावरे जतन करून देणारी या घराण्याची पेढी विसाव्या शतकाच्या आरंभापासून जवळजवळ अखेरपर्यंत चालली. तिच्या हातून गेलेल्या वाघ-बिबट्यांचा आकडा सुमारे ४३,००० सांगितला जातो. मराठीत आपण ‘पेंढा भरलेला वाघ’ म्हणतो, पण इथे पेंढा नव्हता. साच्यातून काढलेल्या कागदाच्या लगद्याच्या धडावर कमावलेले कातडे चढवायचे, काचेचे डोळे बसवायचे, ओठ आणि जीभ घडवून रंगवायची, असे ते काम होते. जबडा बहुधा वासलेला असे, कारण गिऱ्हाइकाला गुरगुरणारा वाघ हवा असे. गोळी लागली त्या क्षणी तो वाघ कदाचित ओढ्यावर पाणी पीत असेल. दिवाणखान्यात पोहोचल्यावर मात्र तो कायमचा झेप घेण्याच्या बेतात राहिला.

या हजारो जनावरांपैकी एकही कुणाच्या ताटात पडले नाही, आणि आजच्या वादात नेमकी हीच गोष्ट निसटते. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर लोक पायलट व्हेल आणि डॉल्फिन यांचे कळप होड्यांनी हाकत खाडीत आणून मारतात. जपानच्या ताइजी गावातही सप्टेंबर ते मार्च अशीच हाकाटी चालते. रक्ताने लाल झालेल्या समुद्राची छायाचित्रे आपल्यापर्यंत येतात आणि आपण हळहळतो. ही हळहळ खोटी नाही, पण ती स्वस्त आहे. ज्या गोष्टीवाचून आपले काहीच अडत नाही, ती दुसऱ्याने सोडावी असे म्हणायला काही मोजावे लागत नाही. पोटासाठी केलेल्या पारंपरिक शिकारीचा नैतिक निवाडा करताना परंपरेला वजन देऊ नये, गरजेला द्यावे. आणि गरज असलेल्या माणसाला ‘मारू नकोस’ म्हणणाऱ्याने त्या बंदीची किंमत स्वतः उचलावी, नाहीतर बंदी योग्य असूनही अन्यायाची ठरते, असे मला म्हणायचे आहे.

आधी परंपरेचे पाहू. फॅरो बेटांवरच्या शिकारीच्या नोंदी १५८४पासून मिळतात. मांस विकण्यापेक्षा गावात वाटून घेण्याची तिथे रीत आहे, आणि नापीक खडकांवर राहणाऱ्या लोकांना या मांसाने अनेक हिवाळे तारले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण १२ सप्टेंबर २०२१ रोजी तिथे एकाच दिवशी १,४२८ डॉल्फिन मारले गेले, तेव्हा खुद्द बेटांवरच लोक अस्वस्थ झाले आणि पुढच्या वर्षी सरकारला त्या दिवशी मारलेल्या जातीच्या डॉल्फिनसाठी ५०० ची वार्षिक मर्यादा घालावी लागली. त्याच्याही आधी, २००८मध्ये, तिथल्याच वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पायलट व्हेलचे मांस पाऱ्यासारख्या विषारी द्रव्यांमुळे माणसाच्या खाण्याजोगे राहिले नसल्याचे सांगितले होते. ज्या अन्नापासून दूर राहा असे डॉक्टर सांगतात, ते केवळ आजोबांनी खाल्ले म्हणून खायचे असेल, तर ती भूक पोटाची राहत नाही, अभिमानाची होते. ताइजीत तर हिशेब आणखी उघडा आहे. मत्स्यालयाला विकलेल्या जिवंत डॉल्फिनला मांसाच्या कितीतरी पट भाव मिळतो. तिथे परंपरा ही पाटी झाली आहे आणि दुकान वेगळेच चालते.

यावर उत्तर येते, की परंपरा गेली तर समाज पोरका होतो. म्हैसूरकडेच या आक्षेपाचे उत्तर आहे. काकनकोटच्या जंगलात कबिनीच्या काठी रानहत्तींचे कळप हाकून पकडण्याचा खेद्दा हा संस्थानचा मोठा सोहळा होता. सँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८७०च्या दशकात त्याची घडी बसवली, व्हाइसरॉयांपासून राजपुत्रांपर्यंत पाहुणे तो बघायला येत, आणि शेवटचा खेद्दा १९७१मध्ये झाला. पुढे कबिनीच्या धरणाने ती जागाच पाण्याखाली घेतली. खेद्दा बंद झाला म्हणून म्हैसूरचे म्हैसूरपण कमी झाले नाही. दसऱ्याची जंबू सवारी, म्हणजे हत्तींची मिरवणूक, आजही निघते. परंपरेत टिकवण्यासारखे असते ते माणसांचे एकत्र येणे, आणि त्यासाठी दर वेळी जनावर पकडावे किंवा मारावे लागतेच असे नाही.

मग डॉल्फिन हुशार आहे म्हणून त्याला मारू नये, हा युक्तिवाद घ्यावा का? मे २०१३मध्ये भारताने डॉल्फिनच्या खेळांना परवानगी नाकारली. त्या वेळच्या सरकारी परिपत्रकात, डॉल्फिनकडे माणसेतर ‘व्यक्ती’ म्हणून पाहावे, या काही शास्त्रज्ञांच्या मताचा उल्लेख होता. निर्णय उत्तम होता, पण त्यामागची शिडी डळमळीत आहे. बुद्धीवर जीव तोलायचा तर डुकराला काय उत्तर देणार? फॅरोचे लोक नेमके हेच विचारतात: आयुष्यभर पिंजऱ्यात कोंबलेल्या डुकराचे मांस खाणाऱ्यांनी आम्हाला शिकवावे का, आमचे जनावर निदान मरेपर्यंत मोकळे असते. हा टोला वर्मी बसतो आणि तो मान्य करावा. पण त्यातून कारखानी मांसही वाईट आहे एवढेच सिद्ध होते, हाकाटी चांगली आहे असे नव्हे. दोन चुकांची वजाबाकी शून्य येत नाही. आपल्या समाजात तर इथे आणखी एक खड्डा आहे. कोण काय खातो यावरून माणसाची पायरी ठरवण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. ‘पारध’ हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. पण फासे लावून तितर, लावे, ससे पकडणाऱ्या पारध्याला इंग्रजांच्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले, आणि तो कायदा गेल्यानंतरही गावाची नजर बदलायला तयार नाही. त्यामुळे शिकारीविरुद्धचा आपला सात्त्विक संताप किती प्राण्यासाठी आणि किती माणसाच्या जातीसाठी, हे दर वेळी तपासून घ्यावे लागते.

बुद्धी आणि परंपरा बाजूला काढल्या की तीन गोष्टी उरतात: मारणाऱ्याची गरज, मरणाऱ्याची वेदना आणि मागे उरणाऱ्यांची संख्या. या मापाने व्हॅन इंगेनचे गिऱ्हाईक तिन्ही कसोट्यांवर नापास होते. फॅरो आज गरजेच्या कसोटीवर नापास आहे. आणि काकनकोट-नागरहोळेच्या जंगलातला जेनु कुरुबा? कन्नडमध्ये जेनु म्हणजे मध. मध काढणारा, कंदमुळे खणणारा आणि लहानसहान जनावर पकडून खाणारा हा समाज गरजेच्या कसोटीवर स्वच्छ उतरत होता. त्याच्या फाशाने वाघ संपले नाहीत. तरीही १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्याच्या मूळ रूपात परवाना घेऊन शिकार करायची सोय होती, म्हणजे बंदूक आणि फी दोन्ही परवडणाऱ्याची सोय होती. ती दारे १९९१च्या दुरुस्तीने बंद झाली. वनहक्क कायद्याने २००६मध्ये आदिवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले. मात्र त्यातून शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. अपवाद करता येतच नव्हता असेही नाही. १९७२च्याच कायद्याचे ६५वे कलम निकोबारच्या आदिवासींचे शिकारीचे हक्क अबाधित ठेवते. पोटाची गरज ही कायद्याला कळणारी गोष्ट आहे, एवढे त्यावरून दिसते.

म्हणून नागरहोळेत पुन्हा शिकार सुरू करावी का? नाही. निकोबार ही बेटे आहेत. नागरहोळेच्या चहूबाजूंनी रस्ते, मळे आणि बाजार आहेत. भुकेपुरता लावलेला फास आणि हॉटेलासाठी लावलेला फास यांत तारेला फरक कळत नाही, आणि सांबरासाठी लावलेल्या तारेत वाघही अडकतो. जंगल आक्रसले आहे, म्हणून तिसरी कसोटी आज पहिलीवर मात करते. बंदी योग्यच आहे. पण जंगल जेनु कुरुबाने आक्रसवले नाही. ते आक्रसवले संस्थानच्या शिकारीने, लाकडाने, कॉफीच्या मळ्यांनी आणि धरणाने. खर्च एकाने केला आणि बिल दुसऱ्याच्या हाती दिले. बांदीपूर १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आले, शेजारचे नागरहोळे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि अनेक कुटुंबे जंगलातल्या हाड्या, म्हणजे पाडे, सोडून कोडगूच्या मळ्यांवर मजुरीला लागली. यांच्यातलेच काही दसऱ्याला हत्तींचे माहूत म्हणून राजवाड्याच्या आवारात येतात, तेव्हा शहर त्यांचे फोटो काढते.

किंमत उचलणे म्हणजे काय, याचा एक छोटा नमुना आपल्या कोकणात आहे. डॉल्फिन किंवा कासव जाळ्यात अडकले तर त्याला सोडवायला जाळे कापावे लागते, आणि जाळे हे मच्छीमाराचे भांडवल. ‘सोडून दे’ असे सांगणे सोपे होते. २०१८मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यापुढचे पाऊल टाकले: संरक्षित प्राणी सोडवताना जाळे फाटले तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. त्यामागचा विचार साधा आहे. डॉल्फिन जगावा ही साऱ्या समाजाची इच्छा असेल, तर फाटलेले जाळे एकट्या मच्छीमाराचे कसे?

उलटा धडा सॉलोमन बेटांचा. तिथे मलाइता बेटावर डॉल्फिनचे मांस खातात आणि दात पैशासारखे चालतात. लग्नात वधूमूल्य म्हणून ते दिले जातात. २०१०मध्ये एका परदेशी प्राणिप्रेमी संस्थेने पैशांच्या बदल्यात शिकार थांबवण्याचा करार केला. तो फिसकटला, आणि २०१३च्या सुरुवातीच्या काही महिन्यांत फानालेई या एका गावाने दीड हजारांहून अधिक डॉल्फिन मारले. कुणी म्हणेल, हे चांगल्या वागण्याचे हप्ते झाले, पैसे थांबले की नीतीही थांबते. पण धरणात शेत गेलेल्याला आपण जमिनीचा मोबदला देतो तेव्हा त्याला लाच म्हणत नाही. चूक मोबदल्यात नव्हती, तो एका संस्थेच्या मर्जीवर टांगलेला होता यात होती. भरपाई ही देणगी असली की आटते. हक्क असला की टिकते.

व्हॅन इंगेनच्या पेढीला हिशेब चोख ठेवावा लागत असे: कोणाचे जनावर, कोणते, काय करून हवे. त्याच जंगलात पोटासाठी पकडलेल्या सशाची नोंद कुठेच झाली नाही, आणि तो पकडणे बंद झाल्यावर त्या चुलीवर काय शिजले, तो रकानाही कोराच राहिला. फॅरोच्या लाल समुद्राकडे पाहून हळहळणाऱ्याने हळहळावे. तिथे बोट दाखवण्यासारखे खरोखरच आहे. पण नजरबादला आणलेले दगड जर मोजून परत नेता आले, तर जंगलातून बाहेर काढलेल्या माणसांचे किती घेतले आणि किती परत केले, हेही मोजता येते. मोजणे अवघड म्हणून ते राहिलेले नाही. ते द्यावे लागेल म्हणून राहिले आहे.